"नातेवाईक करतात": धुळ्याच्या एका सिस्टरचा जर्मनीचा इंटरव्ह्यू

फेब्रुवारीत माझ्या भाचीचा पहिला इंटरव्ह्यू झाला. व्हिडिओ कॉलवर दोन जण होते, एक एचआरवाले गृहस्थ आणि एक वॉर्डच्या इन्चार्ज बाई. सुरुवातीची ओळख-बिळख नीट झाली, मग त्या बाईंनी विचारलं की तुमच्या वॉर्डात सकाळी पेशंटची अंघोळ, तोंड धुणं, कपडे बदलणं कसं करता ते जरा सांगा. भाचीने जे खरं आहे ते सांगितलं, नातेवाईक करतात. जर्मनमध्ये वाक्य अगदी बरोबर होतं, व्याकरणात चूक नाही काही नाही. बाईंनी परत विचारलं, आणि नातेवाईक नसतील तर? ती म्हणाली, आया आहेत, मावशी आहेत. मग दुसरा प्रश्न आला, डेमेन्शियाचा पेशंट रात्री सारखा बेडवरून उठतो, पडायची भीती आहे, तुम्ही काय कराल? ती म्हणाली साईड रेलिंग वर करू आणि अगदीच ऐकत नसेल तर हात सैलसर बांधू. दहा दिवसांनी मेल आला, सभ्य भाषेत नकार.

घरात सगळ्यांचं मत एकच, पोरीचं जर्मन कच्चं आहे. ताई तर रडायलाच लागली, एवढे पैसे क्लासला घातले, अमळनेरहून दर शनिवारी येणं-जाणं केलं ते वाया गेलं म्हणून. मी स्वतः वीसेक वर्षं वॉर्डात काढली, आता धुळ्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते, म्हणून भाची वही घेऊन माझ्याकडे आली. एक चांगलं केलं होतं तिने, कॉल संपल्या संपल्या सगळे प्रश्न आणि आपली उत्तरं जशीच्या तशी वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढली होती, विसरायच्या आत. ते वाचल्यावर मला स्पष्ट दिसलं की भाषेचा प्रश्न फार छोटा आहे, ती पडली ती आपल्या कामात. म्हणजे तिचं काम वाईट आहे असं अजिबात नाही, पण ते लोक ज्याला नर्सचं काम म्हणतात ते आपल्याकडे नर्स करतच नाही. हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय कारण माझ्या ओळखीच्या तीन-चार मुली याच दोन प्रश्नांवर अडकल्यात आणि प्रत्येक जण परत जाऊन व्याकरणाचं पुस्तक उघडून बसते.

आधी तिची माहिती. वय २८, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, धुळ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात सहा वर्षं. घर अमळनेर तालुक्यात, कापसाची शेती. घरात अहिराणी, वॉर्डात मराठी, शिरपूर-सेंधव्याकडचा पेशंट असला तर हिंदी, पुस्तकं इंग्रजीत आणि आता ही पाचवी भाषा. जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा पास होती, त्याच्या पुढचं बी-टू चालू होतं. हाताला इतकी हलकी की डीहायड्रेशन झालेल्या लहान पोराला सुद्धा पहिल्या टोचणीत इंट्राकॅथ लावते, डॉक्टर लोक तिला दुसऱ्या वॉर्डातून बोलावून नेतात. आणि हीच गोष्ट तिने इंटरव्ह्यूत सगळ्यात पुढे ठेवली होती, माझं कौशल्य म्हणून. आता तिकडे बहुतेक हॉस्पिटलात सलाईनची सुई लावणं हे डॉक्टरचं काम धरतात, त्याच्यामुळे समोरच्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही आणि तिला कळेना की असं का.

तिकडची पद्धत मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळली, ती चार वर्षांपासून तिथे आहे आणि तिने रात्री ड्युटीवरून येऊन माझ्याशी दोन-दोन तास बोलून हे सगळं समजावलं. जर्मनीत नर्सिंग म्हणजे मुख्यतः तीन वर्षांचं प्रशिक्षण, शाळा आणि प्रत्यक्ष वॉर्ड असं दोन्हीकडे. २०२० पासून तिथे नवा कायदा लागू झाला आणि पूर्वी हॉस्पिटलची नर्स, मुलांची नर्स, वृद्धांची नर्स असे जे वेगवेगळे कोर्स होते ते एकत्र आणून 'फ्लेगेफाखफ्राऊ' अशी सामायिक पात्रता आणली, पुरुष असेल तर 'फ्लेगेफाखमान'. आणि ही पूर्ण शिकलेली नर्स पेशंटला अंघोळ घालते, दात घासून देते, घास भरवते, बेडपॅन देते, उठवून खुर्चीत बसवते. याला ते 'ग्रुंडफ्लेगे' म्हणतात, म्हणजे पायाभूत सेवा. हाताखाली मदतनीस असतात काही ठिकाणी, पण हे काम माझं नाही असं नर्स म्हणू शकत नाही. आपल्याकडे एका पेशंटमागे दोन नातेवाईक खाली चटई टाकून झोपलेले असतात, डबा तेच आणतात, लघवीचं भांडं तेच देतात, आणि रात्रपाळीला चाळीस पेशंटला दोन सिस्टर असल्यावर स्पंज कोण करणार? मी आपल्या सिस्टरांना दोष देत नाही, मी स्वतः तशीच नोकरी केली. स्पंज बाथ आपण शिकतो पहिल्या वर्षाला, प्रॅक्टिकलला मार्क मिळवतो आणि नंतर दहा वर्षं करत नाही.

तर आता करायचं काय. एजंटने तिला एक पीडीएफ दिली होती, पन्नास प्रश्न आणि पन्नास उत्तरं. मी मेहनती आहे, मला टीममध्ये काम करायला आवडतं, मला जर्मन संस्कृतीचं आकर्षण आहे, वगैरे. त्यात ग्रुंडफ्लेगेचं उत्तर पण होतं, मी रोज सकाळी माझ्या पेशंटची संपूर्ण स्वच्छता करते, असं. भाची म्हणाली, "मावशी, हेच पाठ करून टाकू का? पुढच्या वेळी हेच सांगते." मी म्हटलं, पाठ करशील, पण ती बाई वीस वर्षं रोज सकाळी हे काम करतेय, तिने पुढचा एक प्रश्न विचारला की पाणी किती वेळा बदलता, तर तू काय सांगशील? खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगितलं तर नोकरी नाही, मग एकच रस्ता राहतो की ते काम करायला लाग. पुढचा इंटरव्ह्यू मे महिन्यात मिळणार होता, म्हणजे दहा आठवडे हातात होते.

तिने वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची परवानगी काढली. मला वाटलं होतं की त्या नाही म्हणतील, पण त्या म्हणाल्या तुझी बाकीची कामं अडू देऊ नको आणि नातेवाईकांना विचारूनच कर. ड्युटीच्या अर्धा तास आधी यायचं आणि रोज एक पेशंट करायचा असं ठरलं.

पहिली पेशंट सात नंबर बेडची आजी होती, पॅरालिसिस झालेला, डावी बाजू गेलेली, साक्री तालुक्यातली. सुनबाई बाजूला उभी. भाचीने दोन बादल्या कोमट पाणी, दोन रुमाल, टॉवेल असं सगळं मांडून घेतलं आणि आजी एकदम तोंड फिरवून म्हणाल्या, "माले लाज वाटस." भाची मला म्हणाली की मावशी, त्या क्षणी मला कळेना पुढे काय बोलावं, मी सहा वर्षं या वॉर्डात आहे पण पेशंटच्या लाजेशी माझा कधी संबंधच आला नव्हता, ती लाज नेहमी पडद्याच्या आत सुनेने नाहीतर मुलीने सांभाळली. मग तिने पडदा पूर्ण ओढला, चादर गळ्यापर्यंत घेतली आणि विचारलं, "माय, पाठ पुसी देऊ का?" फक्त पाठ. आजींनी मान हलवली. पाठीपासून सुरू केलं, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी झाकलेलं, आणि पुसून झाला की लगेच कोरडा करून झाकायचा. पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली आणि शेवटी पाणी थंड झालं, पाय राहूनच गेले.

पण त्या पस्तीस मिनिटांत एक गोष्ट सापडली. कुशीवर वळवल्यावर माकडहाडाच्या वर रुपयाएवढा लाल डाग दिसला. तिने बोटाने दाबला आणि उचललं, डाग पांढरा झाला नाही, लालच राहिला. दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक, तसाच लाल राहिला तर बेडसोअरची पहिली पायरी. हे आम्ही दोघींनी पुस्तकात वाचलेलं, शिकवलेलं पण, पण सुनबाई रोज पाठ पुसत होती तिला तो डाग म्हणजे उकाड्याचं काहीतरी वाटत होतं. भाचीने डॉक्टरांना सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदलायचं ठरलं, उशा लावून ३० अंशात तिरकं झोपवायचं, सुनेला ते करून दाखवलं. चार दिवसांत डाग गेला.

मी तिला त्याच रात्री सांगितलं की हे तुझं उत्तर आहे. जर्मन बाईंनी सकाळच्या अंघोळीचं जे विचारलं ते त्यांना स्वच्छतेची प्रक्रिया ऐकायची होती असं मला वाटत नाही, अंघोळ घालताना नर्सला पेशंट पूर्ण दिसतो, कातडी दिसते, हात किती उचलतो ते दिसतं, श्वास लागतो का ते दिसतं, आज मूड कसा आहे ते कळतं. तिकडे यावर फार बारीक विचार केलेला आहे. ओस्नाब्र्युकच्या एका संस्थेने नर्सिंगची राष्ट्रीय मानकं बनवली त्यातलं पहिलंच, २००० सालचं, बेडसोअर टाळण्यावर आहे, आणि तिकडे बेडसोअर हॉस्पिटलात झाला तर तो नर्सिंगचा दोष धरून विचारणा होते. बेडसोअरचा धोका मोजायचा ब्रेडन स्केल आपल्याकडे पण शिकवतात, सहा मुद्दे आहेत, जाणीव, ओलसरपणा, हालचाल वगैरे, मार्क जितके कमी तितका धोका जास्त. भाचीला मार्कांचं कोष्टक पाठ होतं पण सात नंबरच्या आजीला किती मार्क असं कधी काढलेलं नव्हतं. तेव्हापासून रोज ज्या पेशंटचा स्पंज त्या पेशंटचा ब्रेडन असं सुरू केलं.

दुसऱ्या आठवड्यात आणखी एक शिकली. आजींचा उजवा हात चांगला आहे, मग तोंड त्यांनी स्वतःच पुसायला पाहिजे, रुमाल ओला करून पिळून हातात द्यायचा आणि थांबायचं. वेळ जास्त लागतो पण पेशंटला जे जमतं ते त्यालाच करू द्यायचं, हे तिकडे फार महत्त्वाचं मानतात. आपल्याकडे प्रेम म्हणजे सगळं आपण करून द्यायचं, सून तर म्हणाली सुद्धा की सिस्टर, त्यांना कशाला त्रास देता, मी पुसते ना. पण आजींनी स्वतः तोंड पुसल्यावर पहिल्यांदा आरसा मागितला, हे भाचीने वहीत लिहून ठेवलंय.

आता दुसरा प्रश्न, रेलिंगचा. यावर मी स्वतः चुकीची होते, मलाही वाटायचं की रेलिंग वर करणं ही पेशंटची सुरक्षा, त्यात काय चूक. माझ्या विद्यार्थिनीने सांगितलं की तिकडे पेशंटच्या मर्जीविरुद्ध दोन्ही बाजूंनी रेलिंग लावणं म्हणजे त्याचं स्वातंत्र्य काढून घेणं समजतात, पेशंटला स्वतः संमती देता येत नसेल आणि हे रोजचं होणार असेल तर कोर्टाची परवानगी लागते. पेशंट स्वतः म्हणाला की वर करा, मला झोपेत पडायची भीती वाटते, तर गोष्ट वेगळी. एकदम तातडीची वेळ असेल तर करता येतं पण लगेच पुढची परवानगी घ्यावी लागते आणि सगळं लिहून ठेवावं लागतं. आणि हात बांधणं, ते तर आपण ज्या सहजपणे गॉज बँडेज घेऊन करतो ते तिकडे ऐकवत पण नाही त्यांना. मग इंटरव्ह्यूत भाची शांतपणे म्हणाली हात बांधू, तेव्हा समोरच्यांच्या मनात काय आलं असेल.

मग करतात काय तिकडे? आधी विचारायचं की माणूस उठतोय कशाला. लघवीला लागली असेल, तहान लागली असेल, दुखत असेल, नाहीतर त्याला वाटत असेल की गाईला चारा टाकायचा राहिलाय. हे गाईचं मी माझ्या मनाने जोडते, आमच्या वॉर्डात एक बाबा होते, रोज पहाटे चारला उठून गोठ्याकडे जायला निघायचे, त्यांना बांधलं की जास्त ओरडायचे, आणि एका ब्रदरने एकदा त्यांना हात धरून कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारून आणली तर शांत झोपले. हा अनुभव आमच्याकडे होताच, फक्त आम्ही त्याला उत्तर समजत नव्हतो. तर कारण शोधायचं, बेड एकदम खाली करायचा, खाली जाड मॅट, रात्रीचा मंद दिवा, न घसरणारे मोजे, बेल हाताशी, काही ठिकाणी पाय टेकला की घंटी वाजणारी मॅट असते, आणि जास्त वेळा जाऊन बघायचं. भाचीने आपल्या वॉर्डात यातलं जे शक्य ते केलं, म्हणजे अशा पेशंटला दर दोन तासांनी स्वतःहून लघवीला विचारणं आणि बेड नर्सिंग स्टेशनच्या समोर घेणं. दोन आठवड्यांत तिच्याकडे सांगायला स्वतःच्या पेशंटचं उदाहरण होतं.

भाषेची तयारी आम्ही उशिरा सुरू केली, मार्चच्या शेवटी, आणि तीसुद्धा वेगळ्या पद्धतीने. पन्नास उत्तरांची पीडीएफ बंद. वॉर्डातले सहा प्रसंग निवडले, सात नंबरच्या आजी, रात्री सारखा उठणारा तिचा पेशंट, एक शुगर कमी होऊन घामाघूम झालेला पेशंट, एक चिडलेले नातेवाईक, एक मरण, आणि एक तिची स्वतःची चूक. प्रत्येक प्रसंग आधी मराठीत मला सांगायचा, ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना सांगतो तसा, पेशंट कोण, काय झालं, मी काय पाहिलं, मी काय केलं, नंतर काय झालं. मग तोच साध्या जर्मनमध्ये, छोटी वाक्यं. मी जर्मन समजत नाही, तरी ती कुठे अडखळते ते ऐकू येतं ना, तिथे थांबवायचं आणि वाक्य तोडून दोन करायला लावायचं. सहा प्रसंगांत जवळपास सगळे प्रश्न बसतात, फक्त कुठल्या प्रश्नाला कुठला प्रसंग ते ओळखायची सवय लागते.

आकड्यांची एक गंमत वाटावी अशी गोष्ट सांगते. जर्मनमध्ये पंचवीस म्हणताना आधी पाच मग वीस म्हणतात, इंग्रजीच्या उलट. ती बीपी आणि शुगरचे आकडे ऐकताना मनात आधी इंग्रजी करायची आणि गोंधळायची, ५२ चे २५ व्हायचे. मी म्हटलं अगं मराठीत आपण पंचवीस म्हणतो, बावन्न म्हणतो, आधी एकक मग दशक, तेच तर आहे, मध्ये इंग्रजी कशाला आणतेस. दोन दिवसांत आकडे सुटले. औषधाचा डोस फोनवर ऐकताना हा गोंधळ जिवावर बेतू शकतो, म्हणून याला मी फार महत्त्व देते.

आणि 'आजी'. आपण प्रत्येक म्हाताऱ्या बाईला आजी म्हणतो, माय म्हणतो, त्यात आदर आहे. तिकडे अनोळखी म्हाताऱ्या बाईला ओमा म्हणजे आजी म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो, आडनाव घ्यायचं, फ्राऊ अमुक, आणि 'झी' म्हणायचं, म्हणजे आपलं तुम्ही. 'डू' म्हणजे तू, ते घरच्यांना आणि मित्रांना. मराठी माणसाला हे तू-तुम्ही समजवावं लागत नाही, हिंदी-इंग्रजीपेक्षा आपल्याला हे जवळचं आहे. पण माझ्या विद्यार्थिनीसोबतच्या सरावाच्या इंटरव्ह्यूत ती प्रसंग सांगताना सारखी 'माइने ओमा' म्हणायची, माझी आजी, ते ऐकून विद्यार्थिनी हसली नाही, ती म्हणाली दीदी, त्यांना वाटेल तू घरचीच गोष्ट सांगतेयस. मग 'एक ७० वर्षांची पेशंट' असं म्हणायची सवय केली.

पैशाचं थोडक्यात. एजंटने दुसरा इंटरव्ह्यू लावून देण्याचे वेगळे पैसे मागितले, ते आम्ही दिले नाहीत. परदेशी नर्स नेताना खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा हे तत्त्व तिकडे मान्य आहे, त्यासाठी सरकारमान्य शिक्का पण असतो आणि त्या शिक्क्याच्या संस्था नर्सकडून फी घेत नाहीत. अशा संस्थेकडून दुसरा इंटरव्ह्यू आला, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका हॉस्पिटलचा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मनुष्यबळाचा करार केला तो याच राज्याशी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर तिसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू होता. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, आणि धुळ्यातला मे महिन्यातला दीड. देवपुरात माझ्या घरी बसायचं ठरलं कारण इथे इन्व्हर्टर आहे. कूलरचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून कूलर बंद, खिडक्यांना ओले पडदे, दोन फोन चार्ज करून हॉटस्पॉटला तयार. ताई स्वयंपाकघरात देवाजवळ बसली होती. लाईट गेली पण वायफाय इन्व्हर्टरवर होतं, कॉल तुटला नाही.

यावेळी पण वॉर्डच्या इन्चार्ज बाई होत्या आणि सोबत एक तरुण नर्स, बाहेरच्या देशातून येऊन तिथे रुजलेला. अंघोळीचा प्रश्न आला. भाचीने जे सांगितलं ते मला तिने आधी मराठीत सांगून ठेवलेलं असल्यामुळे मी दाराआड उभी राहून समजू शकत होते. ती म्हणाली, आमच्या वॉर्डात हे काम बहुतेक नातेवाईक करतात, नर्स कमी असतात. मी दोन महिन्यांपासून रोज एका पेशंटचं स्वतः करते. आणि मग सात नंबरची पेशंट, चादर, लाल डाग, बोट, उशा. बाईंनी मध्येच विचारलं, पाणी किती वेळा बदलता? खरंच विचारलं. ती म्हणाली, कमरेखालच्या भागाच्या आधी नेहमी बदलते, आणि थंड झालं की, पहिल्या दिवशी मी ते विसरले होते. बाई हसल्या आणि काहीतरी लिहिलं.

रेलिंगच्या प्रश्नाला तिचा रात्री उठणारा पेशंट उपयोगी आला. चुकीबद्दल विचारलं तेव्हा तिने खरी चूक सांगितली, शेजारच्या बेडची बीपीची गोळी दुसऱ्याला दिली गेली होती, तिने लगेच डॉक्टरांना आणि पेशंटला सांगितलं, दर पंधरा मिनिटांनी बीपी घेतलं, पेशंट ठीक राहिला, तेव्हापासून गोळी हातात देण्याआधी पेशंटलाच पूर्ण नाव विचारते. हा प्रसंग सांगायचा की नाही यावर आमचा आदल्या रात्री वाद झाला होता, ताई म्हणत होती की स्वतःची चूक कोणी सांगतं का नोकरी मागताना. मी म्हटलं सांगायची, कारण चूक लपवणारी नर्स कुठल्याच देशात नको.

मग त्या तरुण नर्सने विचारलं, आमच्याकडचे म्हातारे पेशंट पुस्तकातलं जर्मन बोलत नाहीत, श्वेबिश बोलतात, तुम्हाला समजणार नाही, काय कराल? याची तयारी आम्ही केलेली नव्हती. ती थोडी थांबली आणि म्हणाली, माझी घरची भाषा पण शाळेतली भाषा नाही. माझ्या वॉर्डात सातपुड्याच्या डोंगरातून पावरा पेशंट येतात, त्यांची भाषा मला येत नाही, आम्ही दुखण्याचे, पाण्याचे, लघवीचे दहा शब्द त्यांच्याकडूनच शिकून भिंतीवर लिहून ठेवलेत. तुमच्याकडे पण मी तसंच करीन, पेशंटलाच विचारीन की तुम्ही याला काय म्हणता. आणि नाही समजलं तर मान हलवणार नाही, परत विचारीन. हे बोलताना तिचं व्याकरण दोनदा चुकलं, तिला कळलं, तिने सुधारायचा प्रयत्न पण केला नाही, पुढे बोलत राहिली. नंतर त्या मुलाने तिला सांगितलं की श्वेबिशमध्ये लहानशा कुठल्याही गोष्टीच्या शेवटी 'ले' लावतात, छोटं घर म्हणजे हॉइस्ले, तर ही लगेच म्हणाली आमच्याकडे पण 'ले' आहे, माले, तुले, पण अर्थ वेगळा.

शेवटी तुमचे काही प्रश्न आहेत का म्हणाले. पहिल्या वेळी ती नाही म्हणाली होती. यावेळी चार विचारले, सुरुवातीचे किती आठवडे कोणाच्या तरी सोबत ड्युटी असेल, माझ्या शिक्षणाची मान्यता येईपर्यंत मी मदतनीस म्हणून काम करणार तर पगार किती आणि मान्यता आल्यावर किती, मान्यतेसाठी जी परीक्षा द्यावी लागते तिची तयारी हॉस्पिटल करून घेतं का, आणि नोकरी मध्येच सोडली तर काही पैसे परत मागता का. शेवटचा प्रश्न विचारताना तिचा आवाज जरा बारीक झाला पण विचारला. त्यांनी सगळ्याचं सरळ उत्तर दिलं, पैसे परत मागण्याची अट आहे, दोन वर्षांची, लिहून पाठवतो म्हणाले.

आठवड्याने होकार आला, बी-टू पास होण्याच्या अटीवर. जूनमध्ये तिने बी-टू दिली. चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. वाचन, ऐकणं, बोलणं झालं, लेखनात ५७ आले. तेवढा एकच भाग परत देता येतो, त्याची तारीख आता मिळालीय, पुण्याची. करार मी आणि तिने मिळून दोनदा वाचला, अटीचं कलम माझ्या विद्यार्थिनीला पाठवून तिच्याकडून पण समजून घेतलं, सही लेखनाच्या निकालानंतर. सात नंबरच्या आजी कधीच घरी गेल्या, साक्रीला. त्या बेडवर आता दुसऱ्या बाई आहेत, खुब्याचं हाड मोडलेल्या, आणि भाची अजूनही अर्धा तास आधी जाते. इन्चार्ज सिस्टरनी गेल्या महिन्यापासून दोन नवीन मुलींना तिच्यासोबत लावून दिलंय, पाणी कोमट कसं ठेवायचं तिथपासून.